न दिसलेला उजेड

"पोटाचा?"

एवढंच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या हातातलं पेन कागदावर जिथं होतं तिथंच राहिलं. पुढं कितीतरी दिवस राजेश्रीला बाईंचा चेहरा नीट आठवायचा नाही, पण ते पेन आठवायचं. निळं, टोपण चावलेलं, आणि टोकाखाली हळूहळू फुगत गेलेला शाईचा ठिपका. क्षणापूर्वी बाई हसत होत्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या पोकळीत एक दाणा होता आणि त्या दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. "दिसलं का मॅडम? ठोके सुरू झालेत," असं त्याच म्हणाल्या होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. राजेश्री आली होती मळमळतंय म्हणून. मुतखड्याच्या गोळ्यांनी पित्त वाढलं असेल, पाळीही त्यांनीच लांबली असेल, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. टेबलावरून उतरताना तिचे पाय चपला शोधत राहिले आणि चपला सापडेनात. मग बाईंनी सहज विचारलं, मधे काही औषधं वगैरे चालू होती का? तिनंही तितक्याच सहज सांगून टाकलं, की गेल्या महिन्यात मुतखड्याचं दुखणं उठलं होतं, तेव्हा सीटी स्कॅन काढला होता.

"हो, पोटाचा," ती म्हणाली. "बरगड्यांपासून खाली, सगळाच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बघा मॅडम, मी तुम्हाला भीती घालत नाही. पण एवढे किरण गेलेत पोटातून. आत काय झालं असेल, काय नसेल, कुणी छातीला हात लावून सांगू शकत नाही. उद्या बाळात काही निघालं तर ते जन्माचं होऊन बसतं, आणि मग लोक आम्हालाच धरतात. अजून लहान आहे. गोळ्यांवर भागेल. एकदा राहिलंय म्हणजे पुन्हाही राहील. घरी बोला आणि दोन-चार दिवसांत या."

भागेल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना राजेश्री तो शब्द जिभेवर फिरवत राहिली. घरात पाहुणे आले आणि दूध कमी पडलं तर म्हणतात, भागेल. बाहेर एप्रिलचं ऊन डांबरावर उकळत होतं. परभणीच्या उन्हाला उजेड म्हणावं असं त्यात काही नसतं, ते नुसतं अंगावर पडून राहतं. पदर डोक्यावर घेता घेता तिच्या ध्यानात आलं, की आपण पदर डोक्यावर नाही, पोटावर ओढतोय. हसू आलं तिला, आणि त्या हसण्यानंच ती दचकली. कारण असंच ती त्या दिवशीही हसली होती.

तो दिवस. सेलूच्या शाळेत दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलेली असताना कमरेत कळ आली आणि तिच्या हातातली लाल पेन्सिल घरंगळत जाऊन कपाटाखाली गेली. एवढंच आठवतं. मग सुकेशनी, तिच्याच शाळेतली हिंदीची बाई, तिला स्वतःच्या गाडीत घालून परभणीला घेऊन आली. वाटेत मानवत रोडला तिला उलटी झाली. कळा थांबून थांबून येत होत्या आणि दोन कळांच्या मधल्या वेळात ती बाहेरची, कापूस वेचून झालेल्या पळाट्यांची वाळकी रानं बघत होती. स्कॅनच्या खोलीत थंडगार होतं. तिथल्या माणसानं पाण्याचा ग्लास द्यावा तशा रोजच्या सुरात विचारलं होतं, "दिवस वगैरे नाहीत ना ताई?" आणि एवढ्या कळांतही ती हसली होती. "अकरा वर्षं झाली दादा, आता कुठले दिवस!" भिंतीवर पाटीही होती, गरोदर असाल तर आधी सांगा म्हणून. ती पाटी तिनं वाचली होती. दुसऱ्याच्या घराचा पत्ता वाचावा तशी. खोटं बोललो नाही आपण, ती आता स्वतःला सांगत होती. पाळीची तारीखही उलटली नव्हती. ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसणं आणि हसणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या, आणि ते हसणं काही केल्या पुसलं जात नव्हतं. मग टेबल त्या मोठ्या कड्यात सरकलं. आतून यंत्रातली बाई हिंदीत म्हणाली, साँस रोकिए. राजेश्रीनं श्वास रोखला. कडं घरघरत फिरलं. काही दिसलं नाही, काही लागलं नाही, चटका नाही की गुदगुली नाही. साँस छोड़िए. एवढंच. तेव्हा आपण एकटे नव्हतो, हे तिला आत्ता, भर उन्हात रिक्षाला हात करताना, पहिल्यांदा नीट उमगलं.

ती गणित शिकवायची. समजा, एक संख्या क्ष आहे. हजार वेळा फळ्यावर लिहिलेलं वाक्य. पोरं घाबरली की ती म्हणायची, अरे क्ष म्हणजे काही राक्षस नाही, आपल्याला अजून माहीत नाही एवढंच. रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, या किरणांना क्ष-किरण असं नाव ज्यानं दिलं तो माणूस खरा प्रामाणिक. माहीत नाही, असं त्यानं नावातच कबूल करून ठेवलं. पण पोरांना आपण जे सांगत होतो ते खोटं होतं. माहीत नसणं हाच तर राक्षस असतो.

घरी न जाता ती मोंढ्यात गेली. तिथं गोपाळचं, तिच्या नवऱ्याचं, बियाण्यांचं दुकान होतं. पेरणीला अजून वेळ होता. मोंढा सुस्त होता, हमाल पोत्यांवर आडवे झाले होते. गोपाळ पंख्याखाली बनियनवर बसून कंपनीचं नवं पोस्टर भिंतीला लावत होता. तिला अवेळी दारात बघून तो उठला. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. आधी ठोक्यांचं सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला, की पुढचं सांगूच नये असं तिला वाटलं. तो काउंटरच्या कडेवर बसला, उठला, पुन्हा बसला. मग तिनं सीटीचं आणि बाईंनी काय म्हटलं ते सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड जायला काहीच वेळ लागला नाही. तिला अपेक्षा होती की तो चिडेल, यंत्राला शिव्या देईल, दुसरा डॉक्टर बघू म्हणेल. त्यानं पोस्टरची गुंडाळी केली, रबर चढवलं आणि म्हणाला, "मग बाई म्हणायल्यात तसं करू."

"एवढ्यात?"

"एवढ्यात म्हणजे? जितकं लवकर तितकं तुला कमी त्रास. उगं लांबवायचं कशाला?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. तो पोत्यांकडं बघत होता. आणि मग तिला वाटलं की आपल्याला कळलं. दोन वर्षांपूर्वी तो कृषी विद्यापीठात विक्रेत्यांच्या शिबिराला गेला होता. भुईमुगाचं एक वाण त्यानं तेव्हा आणलं होतं. जेवताना किती कौतुकानं सांगत होता. बियाण्यावर किरणं सोडतात, अगं, हजारो दाण्यांवर. त्यातले काही उगवतच नाहीत. काही उगवतात ते पांढरेफटक, काही खुरटे, काही वेडेवाकडे. ते सगळे उपटून टाकायचे. एखादंच रोप निघतं, सगळ्यांहून सरस. तेच हे वाण! तिनं तेव्हा आणखी भाकरी वाढत विचारलं होतं, आणि बाकीच्यांचं काय? तो म्हणाला होता, बाकीच्यांचं काय, उपटायचे. आता मोंढ्यातल्या त्या अर्धवट अंधारात, तुरीच्या आणि कीटकनाशकाच्या वासात, तो तेच वाक्य मनात धरून बसलाय असं तिला वाटलं. तिला त्याचा राग आला. आणि आपल्यालाही तेच आठवलं म्हणून त्याहून जास्त स्वतःचा.

घरी सासूला सांगायचं नाही असं ठरलं. कडूबाई सोनपेठकडच्या खेड्यातून पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडं राहायला आली होती. आधीची भावंडं जगेनात म्हणून तिच्या आईनं हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणानं तोंडात घेऊन थुंकावं. आणि ती तगली. सून नोकरीला जाते, परकी भाषा बोलल्यासारखं पुस्तकी बोलते, याबद्दल तिची तक्रार नव्हती. कौतुकही नव्हतं. दोघी एका घरात आपापल्या वाटेनं चालायच्या आणि स्वयंपाकघरात भेटल्या की मिठा-मिरचीचं बोलायच्या. मागं एकदा ग्रहण होतं तेव्हा कडूबाईनं शेजारच्या गरोदर पोरीला दार लावून आत बसवलं होतं. विळी नको, सुई नको, कूसही बदलू नको. राजेश्री त्यावर हसली होती आणि सावली कशी पडते ते नारळ आणि बॅटरी घेऊन समजावत बसली होती. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, "आसंल बाई. तुमी शिकल्याली मानसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्री मोरीत वाकली होती. पाणी तोंडावर मारून वळते तर दारात कडूबाई. हातात सुपातली ज्वारी.

"कवापासनं व्हायलंय?"

लपवायला त्राण नव्हतं. राजेश्री तिथंच उंबऱ्यावर टेकली आणि सगळं बोलून गेली. किरणं म्हणजे काय हे कसं सांगावं ते तिला सुचेना. शेवटी म्हणाली, "उजेडासारखंच असतं आई, पण दिसत नाही. अंगातून आरपार जातं."

"गिराणागत," कडूबाई म्हणाली.

नारळ आणि बॅटरी तिच्या डोळ्यासमोर आली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तीही आता तेच करत होती. न दिसणाऱ्या उजेडापुढं दार लावून बसत होती. तिला वाटलं, सासू आता म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हते? पण कडूबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. बराच वेळ ज्वारीतला खडा बोटात फिरवत राहिली.

"गिराण म्या पाळलं व्हतं," ती म्हणाली. "पंचफुलाच्या येळंला. दिसभर एका कुशीवर पडून व्हते. मुतायला सुदिक उठले न्हाई."

"पंचफुला कोण?"

"गोपाळच्या आदीची. माझी थोरली."

अकरा वर्षांत हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. कडूबाई सांगत गेली, मधे थांबत, दाराबाहेर बघत. पोरगी जन्मली ती मऊ, कापसाच्या पेळूसारखी. मान धरेना. बसली नाही, चालली नाही, बोलली नाही. भरवावं लागायचं, धुवावं लागायचं. लोक म्हणाले गिराण लागलं, गिराण पाळलं नसंल. कुणी म्हणालं दुसऱ्या कुणाची नजर. नऊ-दहा वर्षांची होऊन एका हिवाळ्यात तापानं गेली. गोपाळ तेव्हा लहान होता. "त्येला तिचं नाव काडल्यालं चालत न्हाई. म्हून आमी काडीत न्हाई."

"आई," राजेश्रीनं विचारलं, "तेव्हा आधी कळलं असतं तर? कुणी विचारलं असतं, ठेवायचं का नाही म्हणून?"

कडूबाईनं तिच्याकडं पाहिलं. "हाल लय झाले," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. कंबर गेली माझी तिला उचलून उचलून. मानसं बोलायची ते येगळंच. आन् हासायची बग... माझं पाऊल दारात वाजलं का हासायची. तशी हासनारी पोर पुना माझ्या घरात झाली न्हाई." मग सूप ओढून घेऊन ती ज्वारी पाखडायला लागली आणि त्या आवाजात म्हणाली, "मला काय इचारतीस बाई. मला कुनी इचारलंच न्हवतं."

त्याच दुपारी राजेश्री स्कॅनच्या त्या केंद्रावर पुन्हा गेली. कशाला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. दोन बायका दोन तऱ्हेनं म्हणाल्या होत्या, की माहीत नाही. आणि तिचा हात अजून खडूच्या सवयीचा होता. क्षची किंमत तरी काढू. रेडिओलॉजिस्ट डॉ. वैदेही पाठक तिच्याहून लहानच असेल. डोळ्यांखाली थकवा, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. राजेश्रीनं काय ते सांगितलं. डॉ. पाठकनी झाकण डब्याला लावलं आणि तिचा जुना स्कॅन संगणकावर शोधून उघडला. करड्या रंगात राजेश्रीचं पोट पडद्यावर उमटलं. मणके, मूत्रपिंडं, त्या खोडकर खड्याचं पांढरं टिंब. कुठं असेल ते? ती शोधायला लागली.

"दिसणार नाही," डॉक्टर म्हणाली. "तेव्हा ते डोळ्यालाही दिसलं नसतं. बसा तुम्ही. गणित शिकवता ना? मग आकड्यातच बोलू. किरणांचा डोस मिलिग्रेमध्ये मोजतात. गर्भाला इजा होण्याची भीती खरी सुरू होते ती शंभराच्या पुढं. पन्नासाच्या खाली बाळात जास्तीचे दोष आढळलेले नाहीत. तुमच्या स्कॅनमध्ये त्याच्या वाट्याला बारा-पंधरा आले असतील. मी वाईटात वाईट, वीस धरते."

राजेश्रीनं श्वास सोडला. केव्हा रोखला होता कुणास ठाऊक.

"आणखी एक. इतक्या सुरुवातीला इजा झालीच, तर गर्भ बहुतेक टिकतच नाही. टिकला, तर धडधाकट वाढतो. तुमचा टिकलाय."

"म्हणजे धोका शून्य?"

"शून्य मी नाही म्हणणार. लहानपणी कॅन्सर होण्याची शक्यता किंचित वाढते, असं धरून चालतात. हजारात दोन-तीन मुलांना तो एरवीही होतो. इथं तीन-चार म्हणा. आणि जन्मजात दोष शंभरातल्या तीनेक बाळांत असतातच, कुठलाही स्कॅन न काढता. ते तुमच्याही वाट्याला आहेत आणि माझ्याही. पण या डोसवरून गर्भ काढा, असं शास्त्र सांगत नाही. मी लिहून देते तसं. तुमच्या डॉक्टरांशीही बोलते. त्यांचंही चुकलं म्हणत नाही मी. सगळेच घाबरतात."

परत येताना राजेश्रीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, उड्डाणपुलापर्यंत. मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. तीन-चार. हजारांत. पण जे पोटात आहे ते हजार नाही, ते एक आहे. आणि एकाचे हजार भाग करून त्यातले तीन-चार काढता येत नाहीत. एकाला होतं किंवा होत नाही. पंचफुला कुठल्या शंभरांतली होती? कुठल्याच किरणांनी तिला शिवलं नव्हतं. आईनं कूससुद्धा बदलली नव्हती. म्हणजे ही भीती यंत्रातून आलीच नव्हती. यंत्रानं फक्त दिवा लावून दाखवलं, की ती आधीपासून घरात बसलेली होती. हे कळून बरं वाटलं की वाईट, तिला ठरवता येईना. पण आत, बेंबीच्या खाली, जिथं अजून काहीच जाणवत नव्हतं, तिथं तिचा हात गेला आणि या वेळेस तो पदर ओढायला गेला नव्हता. नुसता ठेवला होता.

गोपाळला तिनं आकडे सांगितले. त्यानं नीट ऐकले, दोनदा विचारून घेतले. मग म्हणाला, "पण शून्य तर न्हाई म्हणाल्या ना त्या?"

दुसऱ्या दिवशी तो दुकान बंद करून आला, मोटारसायकल दारात लावली आणि म्हणाला, "चल." ती गेली. का गेली? हा प्रश्न तिला पुढं खूप छळायचा. कदाचित तिला वाटलं असेल, की डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्यावर आपल्या तोंडून काय निघतं ते ऐकू. कदाचित तिला त्याच्याशी भांडायची ताकद नव्हती. कदाचित, आणि हे सगळ्यात खरं असेल, तिलाही सुटायचं होतं. ती एका बाजूला पाय सोडून मागं बसली. रेल्वेचं फाटक नुकतंच पडलं होतं. ट्रक, रिक्षा, टेंपो, सगळे येऊन खेटून उभे राहिले. गोपाळनं गाडी बंद केली. ऊन त्याच्या मानेवर होतं, तिथला शर्ट घामानं चिकटला होता. तो बोलायला लागला तेव्हा आधी तिला वाटलं पुढच्या रिक्षावाल्याशी बोलतोय.

"तुला वाटत असंल, ह्याला पोरच नको."

तिनं पदर गुडघ्यावर ओढून घेतला.

"तसं न्हाई गं." त्यानं मान वळवली नाही. "मला एक बहीण होती. तुला कधी सांगितलं न्हाई."

"आईंनी सांगितलं."

त्याची पाठ ताठ झाली आणि मग हळूहळू सैल पडली. "मग तर बरंच झालं. मी शाळेतून यायचो तर आई तिला मांडीवर घेऊन भरवायलेली असायची. पाणी पाजलं तरी ठसकायची फुली. आई एका हातानं तिचं तोंड पुसायची, दुसऱ्यानं पाठ चोळायची. तिचं स्वतःचं जेवण कधी व्हायचं मला म्हाईत न्हाई. मी कधी बघितलंच न्हाई तिला जेवताना. त्या दहा वर्षांत म्हातारी झाली ती. लोक म्हणायचे, हिचंच काहीतरी पाप. आणि ती ऐकून घ्यायची." त्यानं ब्रेकवरचा हात उगाच दाबला, सोडला. "तुला तसं बघायचं... मला न्हाई जमणार. पोराचं काय व्हायचं ते होईल. तुझं बघवणार न्हाई."

तर हे होतं. भुईमूग नव्हता. ती त्याच्या मानेकडं, घामाच्या त्या ओल्या नकाशाकडं बघत राहिली. दोन दिवस आपण एका निराळ्याच माणसाचा राग करत होतो. शंका आली तेव्हा त्याला विचारलं असतं तर? पण विचारत कोण कुणाला? या घरात कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

"आईंना विचारलंत कधी?" ती म्हणाली. "त्या काय म्हणतात ते?"

"काय म्हणती?"

"हाल लय झाले म्हणतात. आणि तशी हसणारी पोर पुन्हा झाली नाही म्हणतात. दोन्ही एकाच दमात."

मालगाडी आली. डबे संपता संपेनात, जमीन खालून थरथरत राहिली आणि ती थरथर गाडीच्या सीटमधून तिच्या अंगात चढली. गोपाळचे खांदे हलत होते. मालगाडीनं हलत होते की कशानं, तिनं पाहिलं नाही. ती फक्त थोडी पुढं सरकली आणि तिनं कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं, भर फाटकावर, अख्ख्या गर्दीदेखत. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. शेवटचा डबा गेला. फाटक कुरकुरत वर उठलं. मागचे हॉर्न सुरू झाले.

"कुणीकडं घेऊ?" त्यानं विचारलं.

"मला भीती वाटतेच आहे," ती म्हणाली. "ती काही जाणार नाही. तुम्हाला चालेल?"

हॉर्न ओरडत होते. त्यानं किक मारली आणि गाडी आल्या वाटेनं वळवली. मागच्या टेंपोवाल्यानं एक सणसणीत शिवी हासडली.

पुढचे महिने सुखाचे गेले असं कुणी म्हणू नये. मृग आला, गोपाळच्या दुकानासमोर रांगा लागल्या. तो थकून यायचा आणि आल्या आल्या तिच्याकडं बघायचा, चौकशी न करता. त्याच डॉक्टरीणबाईंनी तिचं पुढचं सगळं पाहिलं. डॉ. पाठकचा फोन झाल्यावर त्या मोकळेपणी म्हणाल्या होत्या, "माझ्या जिवावरचं ओझं उतरवलंत मॅडम. मागं एकदा मी ठेवा म्हणाले होते, आणि पुढं फार ऐकावं लागलं." पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीला राजेश्री दारातूनच परत फिरली. हे किरण नसतात, हे नुसते आवाज असतात, ध्वनिलहरी, तूच शिकवतेस की पोरांना, असं स्वतःला बजावूनही पाय पुढं पडेनात. दुसऱ्या खेपेला गेली. पडद्यावर मणक्याची माळ दिसली, हृदयाचे चार कप्पे दिसले, एक पाऊल दिसलं आणि त्यानं पडद्यालाच लाथ मारली. सगळं ठीक, बाई म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पुरलं. मग परत सुरू. तिला स्वप्नं पडायची पांढऱ्याफटक रोपांची. कडूबाई तिला ज्वारीची आंबील करून द्यायची, डोक्याला तेल लावायची, आणि कधी कधी, तेल लावता लावता, पंचफुलाचं काहीतरी सांगायची. तिला गूळ आवडायचा. कोंबडीची पिलं तिच्या अंगावर सोडली की ती निपचित पडून डोळ्यांनी हसायची. गोपाळ शेजारच्या खोलीत असायचा. एकदा तो तिकडूनच म्हणाला, "कोंबडी न्हाई आई, ती बदकं होती. सिताराम मामानं आणल्याली." कडूबाईचा हात केसांत थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

डिसेंबरात मुलगी झाली. रडली, दूध प्याली, मान धरायच्या वेळेला मान धरली. डॉक्टरांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि हसून परत दिली. राजेश्रीनं मात्र तिला रात्रंदिवस पाहिलं. आंघोळीआधी, आंघोळीनंतर, झोपेत, उजेडाला धरून. डोळे फिरतात का, मुठी उघडतात का, एक पाय दुसऱ्याहून आळशी तर नाही. नवजात पोराचं अंग आपोआप दचकतं, हे तिनं वाचलं होतं, तरी त्या प्रत्येक दचक्याबरोबर तीही दचकायची. हजारात तीन-चार हा हिशेब जन्मानंतरही पुढं पळत होता. पाच वर्षांची होईपर्यंत, दहा वर्षांची होईपर्यंत. कुठं थांबतो तो? कुणालाच ठाऊक नव्हतं. पोर महिन्याची होती तेव्हा थंडी मी म्हणत होती. एका सकाळी ती वाफाळता चहा हातात घेऊन बसली होती, तर मागच्या अंगणातून लेकीचा आकांत ऐकू आला. चहा तसाच टाकून ती धावली.

कडूबाई पाटावर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर पोर पालथी, तेलानं चकचकीत, लाल मुंगळ्यासारखी हातपाय झाडत होती. तांब्यातून पाठीवर धार पडली की किंचाळायची, धार थांबली की थांबायची, आणि पुढच्या तांब्याची वाट बघत आवाज गोळा करायची.

"सर्दी होईल आई, वारं सुटलंय," राजेश्री म्हणाली. "आणि पाणी फार कढत आहे बहुतेक. किती लाल झालीय!"

बोलली आणि तिची तीच थबकली. सर्दी. कढत पाणी. किती दिवसांनी ती असल्या गोष्टीला घाबरली होती. ही भीती लहानशी होती, घरगुती होती. शेजारच्या पोरीला वाटते तसली, सोनपेठच्या बाजारात पोर काखेत घेऊन फिरणाऱ्या कुठल्याही बाईला वाटते तसली. दुसरी ती मोठी कुठं गेली, ती बघायला लागली. गेली नव्हती. पण या लहानीच्या मागं, जरा सरकून, जागा करून बसली होती.

कडूबाईनं मान वर केली. "तुला समदंच कडक वाटतंय. ये, हात घालून बग की बादलीत."

राजेश्री खाली बसली. बाही वर करून तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी बेताचं होतं.